चेहरा भविष्याचा, पाठ इतिहासाची : जुने दूरदर्शन संच ओळखावेत कसे?

जुनी वस्तू ओळखणे ही एक विद्या आहे. नाण्यावरील अक्षरे, मूर्तीच्या हातातील आयुधे, वाड्याच्या चौकटीवरील कोरीवकाम यांवरून जाणकार तिचा काळ सांगतात. औंढा नागनाथाचे मंदिर पाहताना खालचा कोरीव दगडी भाग जुना आणि वरचे शिखर नंतरच्या काळातले, हे आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चटकन उमगते. पण हीच नजर घरातल्या माळ्यावर पडलेल्या वस्तूंकडे मात्र वळत नाही. माळ्यावरचा दूरदर्शन संच हा आपल्या लेखी अडगळ असतो. तो एके दिवशी भंगारवाल्याच्या गाड्यावर चढतो, आतले तांबे तेवढे निघते आणि एका पिढीचा पुरावा संपतो.

या लेखात अशाच संचांविषयी, आणि विशेषतः त्यांतील एका विलक्षण जातीविषयी लिहावयाचे आहे. १९५७ ते १९८० या काळात जगात असे काही दूरदर्शन संच निघाले, की ते पाहून हा दूरदर्शन आहे यावर विश्वास बसू नये. कुणाचा आकार अंतराळवीराच्या शिरस्त्राणाचा, कुणाचा उडत्या तबकडीचा, तर कुणाचा शिडाच्या होडीचा. उद्याचे जग कसे दिसेल, याची त्या त्या वर्षी केलेली ती कल्पना होती. तो ‘उद्या’ आज मागे पडला आहे आणि त्याची रूपे तेवढी उरली आहेत. ती ओळखावीत कशी, आणि ती ओळखण्याची रीत आपल्या जिल्ह्यातील साध्यासुध्या संचाला लावली तर काय हाती लागते, हे पाहू.

हे आकार आले कोठून?

आरंभीचा दूरदर्शन संच म्हणजे लाकडी कपाटच होते. त्याला कारणही होते. चित्रनलिकेची मान लांब असे. त्यामुळे पडदा लहान असला तरी पेटी खोल करावी लागे. शिवाय आतील व्हॉल्व्ह तापत, त्यांना मोकळी जागा लागे. या दोन अडचणी दूर झाल्यावाचून आकाराला स्वातंत्र्य मिळणे शक्य नव्हते.

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनांचा झोत अधिक रुंद कोनातून वळविता येऊ लागला आणि चित्रनलिका आखूड झाली. पाठोपाठ व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले. १९५९ साली अमेरिकेतील फिल्को कंपनीने ‘सफारी’ हा बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर संच काढला, पण त्यातले चित्र इवल्याशा नलिकेवर उमटे आणि आरशाच्या साहाय्याने मोठे करून पाहावे लागे. १९६० मध्ये जपानच्या सोनी कंपनीचा ८ इंची संच आला. त्यातले चित्र मात्र सरळ पडद्यावर दिसे. आता पेटी चौकोनीच हवी असे बंधन उरले नाही.

तंत्राने वाट मोकळी केली आणि कल्पना पुरविली अवकाशाने. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि परदेशांत कोट्यवधी लोकांनी ते दृश्य दूरदर्शनवरच पाहिले. ज्या यंत्रातून चंद्र दिसला ते यंत्रही चंद्रावरून आल्यासारखे दिसावे, असे कारखानदारांस वाटले तर त्यात नवल नाही. लाकूड मागे पडले आणि नारिंगी, पांढरे, लाल प्लास्टिक पुढे आले.

काही नामांकित नमुने

सर्वप्रथम पश्चिम जर्मनीचा ‘कुबा कोमेट’ (१९५७ ते १९६२). यात खालच्या कपाटात रेडिओ व तबकडीवादक, आणि वर होडीच्या शिडासारखा तिरपा भाग, त्यात पडदा. हे शीड हाताने फिरविता येई. दोन माणसांनी उचलावयाचे म्हटले तरी घाम फुटेल असे त्याचे वजन. लाकडाचा चकचकीत पृष्ठभाग आणि शिडाचा आकार या दोन खुणा दिसल्या म्हणजे दुसरी शंका घ्यावयास नको.

१९५८ साली फिल्कोने ‘प्रेडिक्टा’ बाजारात आणला. नावातच भविष्यकथन आहे. याच्या पेटीतून चित्रनलिका चक्क बाहेर काढलेली. खाली यंत्राची पेटी, तिच्यावर पितळी दांडा, आणि दांड्यावर मान वळविणारा पडदा. एका प्रकारात तर पडदा लांब तारेने जोडून पेटीपासून दूर ठेवण्याची सोय होती. रूप देखणे, पण आतील छापील मंडले वारंवार बिघडत आणि गिऱ्हाईक वैतागे. १९६१ मध्ये फिल्को कंपनी फोर्ड मोटार कंपनीने विकत घेतली. भविष्य सांगणाऱ्यास आपले भविष्य दिसले नाही, असेच म्हणावे लागेल.

इटलीतील ब्रायनवेगा कंपनीचा ‘अल्गोल’ (१९६४) हा मार्को झानुसो व रिचर्ड सॅपर या जोडीचा. हा लहानसा संच जमिनीवर ठेवला तरी त्याचा पडदा वर पाहतो. धन्याकडे मान उंचावून बघणाऱ्या कुत्र्याशी त्याची तुलना नेहमी केली जाते. वरची मूठ धरून तो कोठेही न्यावा.

इंग्लंडमध्ये १९६८ पासून ‘केराकलर’ नावाचा पूर्ण गोलाकार संच निघाला. त्यात २५ इंची रंगीत पडदा बसविलेला. एका पायावर उभा असलेला हा गोळा बैठकीच्या खोलीत ग्रहासारखा दिसे.

आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जपानच्या जेव्हीसी कंपनीचा १९७० चा ‘व्हिडिओस्फिअर’. अंतराळवीराचे शिरस्त्राण आणि त्याच्या काचेआड ९ इंची कृष्णधवल पडदा. तो बैठकीवर फिरे, किंवा साखळीने छताला टांगता येई. एका प्रकारात बैठकीत गजराचे घड्याळही होते. त्याच सुमारास पॅनासॉनिकने ‘ऑर्बिटेल’ काढला. तीन पायांवर उभी असलेली तबकडी, तिला ५ इंची डोळा.

येथे एक फसगत सांगून ठेवतो. १९९० च्या सुमारास फिलिप्सने ‘डिस्कव्हरर’ नावाचा शिरस्त्राणाच्या आकाराचा संच काढला. छायाचित्रात तो व्हिडिओस्फिअरचा भाऊ वाटतो. पण तो रंगीत आहे व दूरनियंत्रकावर चालतो. व्हिडिओस्फिअर कृष्णधवल, आणि त्याच्या खुंट्या हातानेच फिरवाव्या लागतात. दोहोंत वीस वर्षांचे अंतर आहे. केवळ आकारावर विसंबणारा येथे हमखास चुकतो.

पाठ वाचावी कशी?

म्हणून जाणकार मनुष्य संचाचा चेहरा पाहून खूश होतो, पण निर्णय देतो तो पाठ पाहून. पाठीवर व बाजूस चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट विजेचा दाब. मागील पट्टीवर १०० व्होल्ट असल्यास संच जपानी बाजारासाठी, ११० ते १२० असल्यास अमेरिकी, आणि २२० ते २४० असल्यास युरोप, इंग्लंड वा भारतासाठी बनला असे समजावे. शेजारी १२ व्होल्टची खोबण असेल तर तो मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, म्हणजेच बहुधा ट्रान्झिस्टरचा संच होय.

दुसरी गोष्ट वाहिन्यांची चकती. अमेरिकी चकतीवर २ ते १३ हे आकडे असतात. १ हा आकडा तेथे १९४८ सालीच रद्द झाला. जपानी चकतीवर १ ते १२, तर भारत व पश्चिम युरोपाच्या चकतीवर २ ते १२ असतात. २१ ते ६८ एवढेच आकडे असतील तर तो संच इंग्लंडसारख्या देशासाठी बनला. एकच कंपनी एकाच आकाराचा संच निरनिराळ्या देशांसाठी काढी. चेहरा तोच, पण चकती निराळी. तेव्हा तो कोणत्या घरी जावयाचा होता, हे चकतीच सांगते.

तिसरी गोष्ट प्रक्षेपणाची पद्धती. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण मौजेचा आहे. पडद्यावरील चित्र आडव्या रेषांनी बनते. अमेरिका व जपानमध्ये ५२५ रेषांची सेकंदाला सुमारे ३० चित्रे, आपल्याकडे ६२५ रेषांची २५ चित्रे. गुणाकार केला तर एका सेकंदात तेथे १५,७५० रेषा आणि येथे १५,६२५ रेषा पडतात. फरक शेकडा एकाहूनही कमी! त्यामुळे अमेरिकेतून हौसेने आणलेला कृष्णधवल संच आपल्याकडे लावला आणि वाहिनी जुळली, तर थोडी खुंटी पिळून चित्र स्थिर होऊ शके. पण आवाज येत नसे. कारण चित्र व ध्वनी यांच्या लहरींतील अंतर तेथे ४.५ मेगाहर्ट्‌झ आणि येथे ५.५. चित्रातली माणसे ओठ हलवीत आणि घरातली मंडळी एकमेकांकडे पाहत. उलट कुवेत, ओमान, अमिराती अशा आखाती देशांची पद्धती आपल्यासारखीच असल्याने तेथून आणलेला संच बिनबोभाट बोलू लागे. एखाद्या घरातील विदेशी संच प्रत्यक्ष वापरला गेला की नुसताच शोभेसाठी राहिला, याचे उत्तर पुष्कळदा येथे मिळते.

चौथी गोष्ट नंतर झालेले फेरफार. औंढ्याच्या शिखराप्रमाणे संचातही नवे भाग बसविलेले असतात. विदेशी पेटीत बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची चित्रनलिका असेल, तर तो येथे दुरुस्त झाला आणि वर्षानुवर्षे चालला असे समजावे. हा दोष नसून त्याच्या आयुष्याचा दाखला होय. पण मागे पिवळी, पांढरी व लाल अशी तीन रंगीत खोबणे कारखान्यातूनच आलेली असतील आणि विक्रेता संच १९५८ चा म्हणत असेल, तर हसून पुढे जावे. जुन्या रूपांच्या नव्या नकलाही बाजारात निघालेल्या आहेत.

आपल्याकडचा संच

आता प्रश्न असा, की या वर्णनाचा हिंगोलीशी संबंध काय? येथे कोणाच्या माळ्यावर व्हिडिओस्फिअर सापडणार आहे?

प्रश्न रास्त आहे. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. जपानमध्ये शिरस्त्राणाच्या आकाराचे संच विकले जात होते, तेव्हा महाराष्ट्रात दूरदर्शनच नव्हता. आयातीवर कडक निर्बंध होते. टेलिव्हिस्टा, क्राउन, वेस्टन, डायनोरा, सॉलिडेअर, नेल्को, ईसी अशी देशी नावे मग घरोघर झाली. मराठवाड्यात हे सुख उशिराच पोहोचले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंग आला, १९८४ मध्ये देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली, आणि १९८७ साली सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेने संचाला घराघरात मानाची जागा दिली. पुढे मराठवाड्याच्या भूमीतच, औरंगाबादेजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) चित्तेगाव येथे व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना चालला.

या देशी संचाचे रूप पाहा. लाकडी पेटी, चार निमुळते पाय, आणि पडद्यासमोर दोन्ही बाजूंनी सरकणारे पट्ट्यांचे दार, कित्येकदा कुलूपकिल्लीसह. वर विणलेला रुमाल. भविष्याची छटा तेथे औषधालाही नाही. हा आकार कपाटाचा आहे, थोडासा देवघराचाही आहे. ज्या घरात महिनोन्‌महिने पैसे साठवून वस्तू आली, तेथे ती धुळीपासून, मुलांपासून आणि नजरेपासून जपावयाची होती. पाश्चात्त्य संच म्हणत होता, ‘मला उचला, फिरवा, टांगा.’ आपला संच म्हणत होता, ‘मला सांभाळा.’ दोन्ही आकार आपापल्या समाजाची मनःस्थिती सांगतात आणि दोन्ही सारख्याच आस्थेने वाचावयास हवेत.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ हा उपग्रह दूरदर्शनाचा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम दाखविले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील गावे होती. यांपैकी गुलबर्गा व रायचूर म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आपलेच सोबती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची सुमारे १० फूट व्यासाची छत्री, आणि खाली हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनविलेला २४ इंची साधा संच. शाळेच्या वा पंचायतीच्या अंगणात बसून सारा गाव तो पाही.

त्या पेटीचे चित्र कोणी मासिकाच्या मुखपृष्ठावर छापले नसते. तरीही उपग्रहावरून थेट खेड्यात येणारे चित्र, हे त्या काळी जगातील श्रीमंत देशांच्या घरांतही नव्हते. व्हिडिओस्फिअर भविष्यातला *दिसत* होता आणि त्यात चित्र येत होते जवळच्या मनोऱ्यावरून. कोंबडीजाळीखालचा तो ओबडधोबड संच खरोखर भविष्यात *राहत* होता. आजही आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिचे मुख्य रूप काय, तर काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन सरळ नळ्या. पुढचा काळ पुष्कळदा असा साध्या वेषातच येतो.

आपण काय करावे?

प्रथम काय करू नये ते सांगतो. जुना संच उघडू नये. चित्रनलिकेत निर्वात पोकळी असते. ती फुटल्यास काचेचे तुकडे गोळीसारखे उडतात. तिच्यावरील हजारो व्होल्टचा भार वीज बंद केल्यानंतरही काही काळ टिकतो. काचेत शिसे असते. भंगाराच्या दुकानामागे या नलिका दगडाने फोडल्या जातात, ते फोडणाऱ्याच्या व जमिनीच्याही जिवावर बेतणारे आहे. तसेच, संच चालतो की नाही याची परीक्षाही आता सोपी राहिलेली नाही. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची जमिनीवरील प्रक्षेपणे २०२२ पर्यंत जवळजवळ सर्वत्र बंद झाली. आज संच लावला तर धडधाकट असूनही त्यावर मुंग्याच दिसतील. त्या मुंग्या म्हणजे मृत्यूची खूण नव्हे. त्याला दाखविण्यासारखे कोणी काही धाडत नाही, एवढाच तिचा अर्थ.

करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते कला शाखेच्या विद्यार्थ्यासच अधिक जमेल. एक वही घ्यावी. आपल्या गावातील प्रत्येक जुन्या संचाला एक पान द्यावे. पेटी लाकडी की प्लास्टिकची, दार आहे की नाही, पडदा किती सेंटिमीटर (देशी कृष्णधवल संच बहुधा ३६, ५१ वा ६१ सेंटिमीटरचे असत), चकतीवरचे आकडे, पाठीवरील पट्टीचा मजकूर जसाच्या तसा, आणि दुरुस्तीच्या खुणा. पुढून, बाजूने व पाठीमागून अशी तीन छायाचित्रे काढावीत. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत दूरदर्शनला टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. तो जुन्या कागदांत सापडला तर संचाचे जन्मटिपणच हाती आले असे समजावे.

त्याखाली माणसांची हकीकत लिहावी. संच कोठून आणला, कशावर घालून आणला? पीक कोणते विकले होते? अँटेनाचा नळ किती फुटांचा होता आणि तो फिरविण्यासाठी छपरावर कोण चढे? रविवारी सकाळी ओसरीवर कोण कोण येऊन बसे, आणि कोणाला दाराबाहेरच उभे राहावे लागे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मिळणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे त्यांची वये आज सत्तरीच्या आसपास आहेत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आपण डोळे भरून पाहतो. एका माणसाने त्या अडगळ मानल्या नाहीत, म्हणूनच त्या आज तेथे आहेत. आपल्या वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा व हिंगोली या पाच तालुक्यांतून प्रत्येकी दहा संचांची जरी नोंद झाली, तरी पन्नास पानांचा असा ग्रंथ तयार होईल, की जो आजवर कोणी लिहिलेला नाही. एखाद्या पानावर शिरस्त्राणाच्या आकाराचा पाहुणा निघालाच, तर त्याची चकती आधी पाहावी. न निघाला, तरी वहीचे मोल तसूभरही कमी होणार नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात. वही त्यापूर्वी घ्यावी.

— बी. ए. तृतीय वर्ष (इतिहास)